चिमणीमागची पेटी

७ डिसेंबर, शनिवार
सकाळपासून लेकीचा फोन लागत नाही. टीव्हीवर वेल्सचं नाव. ‘डॅराघ’ नावाचं वादळ, हवामान खात्याचा लाल इशारा, बाहेर पडू नका. इकडे पान हलत नाही. कोराडीच्या धुराड्यांचा धूर सरळ वर जाऊन राहिला.

रात्री मेसेज आला. ‘लाइट गेली. झाडं पडलीत. आम्ही ठीक. फोन गाडीत चार्ज करते आहे.’ हिने तो चारदा वाचायला लावला.

८ डिसेंबर
अजून लाइट नाही. त्यांचा बॉयलर तेलावर चालतो, पण ठिणगी आणि पंप विजेवर. तेलाची टाकी भरलेली आणि घर गार. लेक म्हणाली, “बाबा, काळजी करू नका. हॉलमधल्या जुन्या शेगडीत कोळसा पेटवलाय. आधीचे मालक खाणीत होते, शेडमध्ये त्यांची कोळशाची बोरी सापडली.”

ऐकून बरं वाटलं. कोळशाचा फोटो मागवला. काचेसारखा चमकणारा, धारदार खपल्यांचा. अँथ्रासाइट. कारमार्थनशायरचा हा माल जगभर नावाजलेला. पेटायला हट्टी, पण एकदा धरला की धूर नाही, ज्वाळ नाही, नुसता निखारा. आमच्या कामठी पट्ट्यातल्या कोळशात राखच पोतंभर.

फोटो मोठा करून पाहत होतो. शेगडीच्या बाजूला, फरशीपासून वितभर वर, भिंतीतून दोन तांब्याचे पाइप बाहेर आलेले. कापलेले. दोन्ही तोंडांना पितळेच्या टोप्या घट्ट बसवलेल्या.

जेवण तसंच राहिलं.

८ डिसेंबर, रात्री
फोन लावला. म्हटलं, आग काढ. “बाबा, घरात सात डिग्री आहे.” काढ म्हटलं. पाणी ओतू नको, बीड तडकेल. चिमट्याने निखारे काढ, लोखंडी बादलीत घे, बादली अंगणात ठेव. जवळ उभी राहू नको. जावई मागून काहीतरी बोलत होते. मग फोन कटला. बॅटरी असेल.

ही अंथरुणात उठून बसली. “पोरगी तिकडे थंडीनं काकडून राहिली अन् तुम्ही आग विझव म्हणता?”

तिला काय सांगू. शेगडीच्या मागे, चिमणीच्या पोटात, एक लोखंडी पेटी असते. त्यात पाणी. समोर कोळसा जळतो, मागे पाणी तापतं, पाइपांनी घरभर जातं, खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत फिरून परत येतं. एकच आग, तिच्यावर अख्खं घर आणि आंघोळीचं पाणीही. कोणीतरी तेलाचा बॉयलर बसवला, रेडिएटर तिकडे जोडले, आणि या पेटीची दोन्ही तोंडं बंद करून टाकली. पेटी जागच्या जागी. आत पाणी उरलंय की कोरडी आहे, कोणाला ठाऊक. पाण्याची वाफ झाली की सोळाशे पट जागा मागते. मिळाली नाही तर बीड फाटतं. समोर सोफा ठेवलेला आहे.

झोप नाही.

९ डिसेंबर
विझवली होती. रात्र शेजाऱ्यांकडे काढली. शेजारी म्हातारे, तेही जुने खाणवाले. त्यांनीही पाइपांच्या टोप्या पाहून डोक्याला हात लावला म्हणे. इंग्लंड-वेल्समध्ये अशा बंद पेट्या फुटून माणसं गेली आहेत. वापर बंद करायचा तर पेटी काढून टाकायची, नाहीतर रिकामी करून तिला भोक पाडायचं, म्हणजे आत दाब धरणार नाही.

माझ्यावर कोणी रागावलेलं नाही. हीसुद्धा नाही. सकाळी चहात आलं जास्त होतं.

१० डिसेंबर
१९५४ साली आजच्याच तारखेला परासियाकडे न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसलं. साठाहून जास्त माणसं आत राहिली. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा जुने फिटर ही तारीख पाठ म्हणून दाखवायचे. सिल्लेवाड्याच्या खाणीत खाली उतरलं की पहिला कान पंपाकडे. पंपाचा आवाज आहे ना, मग बाकीचं पुढे.

११ डिसेंबर
तिकडे लाइट आली. लेकीने रेडिएटरला पाठ लावून बसलेला फोटो पाठवला.

१२ डिसेंबर
जावईबुवांचा लांबलचक मेसेज. त्यांना आता ती पेटी परत चालू करायची आहे. ‘बाबा, पुढच्या वादळाला आपल्याकडे कोळसा हवा. रेडिएटर पुन्हा शेगडीला जोडले तर?’

दवाखान्यात भूल देणारा माणूस. पण विचारलं बरोबर ठिकाणी. मी होय म्हटलं. मग दिवसभर अस्वस्थ.

अडचण अशी. रेडिएटरांत पाणी फिरवायला पंप. पंपाला लाइट. लाइट गेली म्हणून तर कोळसा पेटवायचा. म्हणजे ज्या दिवशी शेगडी पेटणार नेमका त्याच दिवशी पंप मेलेला. तेलाचा बॉयलर लाइटीबरोबर विझतो. कोळशाला बटन नाही. तो जळतच राहणार, पेटीतलं पाणी उकळतच राहणार.

आमच्या खाणीत पंप बंद पडला की पाणी चढायचं. इथे वाफ चढेल.

१४ डिसेंबर, दत्तजयंती
माळ्यावरून बंब काढला. ही म्हणाली, “देव आठवला नाही, बंब आठवला.” तिच्या आईने भंडाऱ्याहून दिलेला, आंदणातला. गॅस आला तेव्हापासून वरच होता. त्याआधी कंपनीचा कोळसा घरपोच यायचा, मग कोळसा बंद होऊन गॅसचे पैसे पगारात येऊ लागले. अंगावर हिरवा गंज, आत कोळ्यांची वसाहत. तळाला बोट लावलं तर चुन्याचा थर पापडासारखा निघाला. आमच्या विहिरीचं पाणी जड.

मधोमध नळी, खाली जाळी, नळीत आग, भोवती पाणी. चिमणीमागच्या पेटीचाच भाऊ. फरक एवढाच की याचं तोंड वर उघडं असतं. उकळलं तर उकळलं. नाहणीघर वाफेनं भरेल, बाकी काही नाही.

१६ डिसेंबर
नागपुरात अधिवेशन सुरू. इकडचे पोलीस तिकडे. गोराबाजारात स्कूटर कुठेही लावा, विचारणारा नाही.

कल्हईवाला आता बसत नाही, मोबाइलचं कव्हर विकणाऱ्याने त्याच्या मुलाचा नंबर दिला. मुलगा वेल्डिंग करतो. बंबाचा नळ बदलून दिला, वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक अशी दोन नळकांडी झाळून दिली. “काका, काऊन पाहिजे दोन?” म्हटलं, एक जायला, एक यायला. त्याने मान हलवली. पैसे कमी घेतले.

भंगारवाला दारात. तांब्याचा भाव सांगून गेला. ही आतून ऐकत होती.

१७ डिसेंबर
थंडी. कन्हानच्या पुलावर सकाळी समोरचं वाहन दिसत नव्हतं. आत्ताची थंडी ती काय, २०१८च्या डिसेंबरात नागपूर साडेतीन डिग्रीवर गेलं होतं. तेव्हा नळाच्या पाण्यानं हात बधिर व्हायचे. १८२१ साली इथे कामठीत छावणी टाकणारे इंग्रज काय करत असतील कोण जाणे. उन्हाळ्यात तर विचारूच नका.

१८ डिसेंबर
जावयांनी आकृती पाठवली. सुबक, रंगीत. प्रत्येक रेडिएटरला दोन कॉक, पेटीच्या वर कॉक, खाली कॉक, मध्ये पंप. हवेच्या नळीवरसुद्धा कॉक. ‘मेंटेनन्सला सोपं जाईल.’

बुवा, हवेच्या नळीवर कॉक नाही. कधीच नाही. उद्या कोणीतरी तो बंद करील आणि सांगायला विसरील. ती नळी पेटीपासून सरळ चढत माळ्यावरच्या टाकीच्या वर जाऊन वाकते आणि उघडीच राहते. उकळलं तर पाणी टाकीत सांडेल. टाकीही उकळतं पाणी सोसणारी पाहिजे. प्लास्टिकची साधी टाकी मऊ होऊन खाली झोपलेल्या माणसावर येईल.

एवढं टाइप करता करता अंगठा दुखला. शेवटी लाल पेनाने कागदावर फुल्या मारून फोटो पाठवला. ही म्हणाली, “जावई आहे तो, ट्रेनी नाही.”

१९ डिसेंबर
लिहून समजत नाही. करून दाखवायचं ठरवलं.

पडवीत बंब विटांवर ठेवला. शेजारी स्टुलावर, काठ बंबाच्या तोंडाच्या सपाटीत येईल असा, तेलाचा रिकामा डबा. गवंडी लेव्हल पाहायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली. वरच्या नळकांड्यातून एक नळी डब्याच्या वरच्या भोकात, खालच्यातून एक डब्याच्या बुडाशी. पाणी भरलं. हवा काढायला अर्धा तास गेला. नळीत कुठे एवढासा उंचवटा राहिला की तिथे बुडबुडा बसतो आणि सगळं ठप्प. नळी दोरीने वर ओढून बांधली, सगळीकडे चढ. मग डब्यात कपड्यांना टाकायच्या निळीचे थेंब सोडले.

जावई तिकडे फोनवर, हातात टोस्ट. बंबाच्या मधल्या नळीत दोन गोवऱ्या आणि काटक्या पेटवल्या. बराच वेळ काही नाही. लेक म्हणाली, “बाबा, मला ड्युटीला जायचंय.” म्हटलं, थांब.

आधी खालची नळी निळी होऊ लागली. डब्यातलं गार पाणी आपणहून बंबाकडे उतरत होतं. निळा रंग सरकत सरकत आला, बंबात गेला, आणि थोड्या वेळाने वरच्या नळीतून फिकट होऊन वर चढू लागला. पंप नाही, वायर नाही. गरम पाणी हलकं, गार जड, बस. डब्याला हात लावला, वरचा अर्धा कोमट. जावयांनी टोस्ट खाली ठेवला.

मग वरची नळी बोटांनी दाबून धरली. बंब गुरगुरायला लागला. वरच्या तोंडातून पाणी उसळून विटांवर आलं. म्हटलं, हे तोंड बंद असतं तर?

पलीकडे कोणी बोललं नाही. नळी उष्णतेने मऊ होऊन लोंबायला लागली होती, तेवढ्यात काटक्या ओढून काढल्या.

ही सगळा वेळ दारात उभी. “झालं असेल तर पाणी सांडू नका, भांडी घासायला होईल.”

२० डिसेंबर
जावयांची नवी आकृती. कॉक कमी झालेत.

२२ डिसेंबर
तिकडे कायद्याने हे काम वाटेल त्याला करता येत नाही. करायचं तर पालिकेला कळवून, मंजुरी घेऊन. नाहीतर हेटास म्हणून संस्था आहे, तिच्याकडे नोंदलेला मिस्त्री आणायचा. तो येऊन गेला. शेगडी पाहिली, माळा पाहिला, चिमणीत दिवा घालून पाहिलं. आधी चिमणी झाडून घ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, मग पुढचं बोलू म्हणाला. माणूस बरा वाटतो.

त्याने एक गोष्ट काढली ती माझ्या ध्यानात होतीच. तेलाचा बॉयलर बंद दाबावर चालतो. कोळशाची पेटी उघड्या नळीवरच चालवायची. दोघांचं पाणी एक करता येत नाही. एकतर सगळं घर उघड्या टाकीवर आणा, नाहीतर मध्ये अशी पेटी बसवा की उष्णता जाईल, पाणी मिसळणार नाही. त्यांचा तेलाचा बॉयलर उघड्या टाकीवरही चालतो, म्हणून पहिला मार्ग.

आणि बाथरूममधला रेडिएटर पंपाच्या फेऱ्यात घ्यायचा नाही. तो पेटीच्या बरोबर वर, जाड पाइपावर, नुसत्या चढावर. त्याला कॉकच नाही. लाइट गेली, पंप थांबला, तरी पेटीची उष्णता तिथे जाऊन उतरत राहील. मी पडवीत डबा ठेवला होता तोच हा.

खर्चाचा आकडा लेकीने सांगितला. हिला सांगितलेला नाही.

२४ डिसेंबर
सप्टेंबरात ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजघर बंद झालं, रॅटक्लिफचं. इंग्लंडात तर घरी जाळायचा साधा कोळसाही आता विकता येत नाही. वेल्समध्ये ती बंदी नाही. आणि आमचे जावई कोळशाची शेगडी बसवून राहिले. जगाच्या उलट. पण त्या चार रात्री मी फोनवर पाहिल्या आहेत. पर्यावरणाचं काय ते हवामान बरं असताना बोलू.

आमच्या दारात कोराडी, खापरखेडा दोन्ही. वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर सकाळी बोट फिरवलं की समजतं.

२७ डिसेंबर
मनमोहनसिंग गेले काल रात्री. बाहेर पावसाचे ढग. संत्र्याला हा पाऊस वाईट.

३० डिसेंबर
बंबाची गोडी लागली. खरा कोळसा टाकून पाहावा म्हणून जुन्या मित्राकडून घमेलंभर आणला. नाहणीघराची खिडकी उघडी, दार उघडं. पेटायला त्रास नाही, पण धूर पिवळा आणि गंधकाचा वास. शेजारच्या वहिनी खोकत बाहेर आल्या. हिने न बोलता खिडकीतून बादली आत सारली.

नळी पातळ पत्र्याची आहे. कोळशाची आच तिला झेपायची नाही हेही खरंच. पुन्हा गोवऱ्या. पण पाणी असं तापतं की गीझरच्या पाण्याला ही मजा नाही. ही म्हणते गुडघे दुखायचे कमी झालेत. बंबामुळे की तेलामुळे, विचारलं नाही.

३१ डिसेंबर
काही नाही. नऊला झोपलो.

४ जानेवारी
तिकडे बर्फ. काम आठ तारखेला सुरू व्हायचं आहे. मला माळ्यावरच्या त्या उघड्या नळीची चिंता. गोठली तर बर्फाचं बूच. कॉकपेक्षा वाईट, कारण दिसत नाही. लेकीला म्हटलं, मिस्त्रीला विचार, नळीला आणि टाकीला कापूस कशाचा गुंडाळणार. टाकीच्या खाली गुंडाळू नको म्हणावं, खोलीतली ऊब खालून वर लागू दे.

“बाबा, त्याला माहीत असेल.”

असेल. तरी विचार.

५ जानेवारी
विचारलं. त्याला माहीत होतं.

९ जानेवारी
पेटी निघाली! फोटो आले. शेगडीची दगडी चौकट तोडावी लागली नाही. जुनी पेटी गवतावर ठेवली आहे, गंजून तपकिरी, मागच्या अंगाला शिवणीवर फुगवटा. मिस्त्रीने टोप्या काढल्या तेव्हा एका तोंडातून मगभर लाल पाणी आलं. दुसऱ्या तोंडात गंज आणि चुना असा दाटून बसला होता की त्याने स्क्रू-ड्रायव्हर ठोकला तो तिथेच उभा राहिला.

लेकीने त्या मगाचा फोटो खास मला वेगळा पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

हिला दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला. “मग आता नवी कितीची?”

११ जानेवारी
रेडिएटर धुवून काढले. आतून शाईसारखा काळा गाळ. पाण्यात गंज धरू नये म्हणून औषध घालतात, ते आधी गाळ काढून मगच घालायचं. जुना रेडिएटर वर गार, खाली गरम असेल तर हवा अडकली. वर गरम, खाली गार असेल तर गाळ. लेकीला पाठ झालंय.

१४ जानेवारी, संक्रांत
तीळगूळ तिकडे टपालाने गेलेला अजून पोचला नाही. पतंगांची दुपार. वरच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी आमच्या गच्चीवर मांजाचा गुंता टाकला, कबुतर अडकलं होतं, सोडवलं.

संध्याकाळी फोन. माळ्यावर टाकी बसली. नळी वाकून तिच्यावर आली. मी म्हटलं, कॅमेरा धरून खालपासून वरपर्यंत एकदा नेऊन दाखव. नेला. एका ठिकाणी तुळईखालून जाताना पाइप किंचित उतरल्यासारखा दिसला. मिस्त्रीने लेव्हल लावून दाखवली. बुडबुडा चढाकडे. बरोबर आहे. कॅमेरा वाकडा होता.

१८ जानेवारी, शनिवार
पहिली आग.

आधी पेटीत, पाइपांत, टाकीत पाणी. मग हवा काढणं. किल्ली फिरवली की रेडिएटर फुसफुसतो, फुसफुसणं संपून पाणी थुंकलं की किल्ली बंद. मी इकडे कान फोनला लावून बसलो. जिना, हॉल, मागची खोली. मागच्या खोलीत फुसफुस बराच वेळ चालली. म्हटलं, अजून नाही, अजून नाही, हं, आता.

थोड्या काड्या, मग हळूहळू अँथ्रासाइट. खालचं दार उघडं, याला वारा खालून लागतो. तासभर नुसतं काळं. मग लाल.

पेटीचं पाणी तापेपर्यंत पंप चालू होत नाही, पाइपावर बसवलेला थर्मोस्टॅट तो अडवतो. गार पाणी सारखं परत येत राहिलं तर पेटीवर ओल धरून गंज चढतो. त्यांच्याकडे संध्याकाळ, आमच्याकडे रात्र. ही झोपायला गेली नाही, स्वेटर विणत बसली. पंप लागला. मला इकडे आवाज आला. हलका, चांगल्या बेअरिंगचा.

हॉलचा रेडिएटर कोमट, मग गरम, मग हात ठेववेना.

मग मी म्हटलं, आता मेन स्विच पाडा.

“बाबा, आत्ता?” आत्ताच. मिस्त्री समोर आहे तोवर.

जावयांनी स्विच पाडला. पंप थांबला. अंधारात लेक टॉर्च घेऊन बाथरूममध्ये. पेटीतून टक-टक आवाज यायला लागले. कोणी बोलत नव्हतं. मिस्त्री काहीतरी सांगत होता, त्याचं इंग्रजी मला कळत नाही, पण घाबरलेल्या माणसाचं नव्हतं. टक-टक कमी झाली. लेकीने रेडिएटरवर हात ठेवला आणि लगेच काढला. “तापलाय. खूप तापलाय.”

माळ्यावरच्या नळीतून पाणी सांडलं का? जावई शिडीवर. नाही. टाकीवर फक्त थोडी वाफ.

वीस मिनिटं तसंच ठेवलं. मग स्विच वर.

हिने सुया गुंडाळल्या. “आता झोपाल का?”

२० जानेवारी
झोप छान. बंबाला राख आणि चिंच लावून घासला. भंगारवाला पुन्हा आला होता. हिने त्याला चहा दिला आणि परत पाठवलं.

२२ जानेवारी
दुपारी जावयांचा मेसेज. ‘सगळं उत्तम. फक्त बाथरूम फारच तापतं, टॉवेल कडक होतात. तिथे एक छोटा कॉक बसवून घेऊ का?’

फोन लावला. उचलला नाही, ऑपरेशन चालू असेल. लेकीला लावला. तीही ड्युटीवर. मेसेज टाकला, मोठ्या अक्षरांत. अजून निळी खूण नाही. पुन्हा लावतो.